आषाढातला हरवलेला सोमवार

या, या, दारात उभे राहू नका. मागची मंडळी पुढे सरका. खांबाला टेकलेल्यांनी पाय पोटाशी घ्या, म्हणजे आणखी दोघं मावतील. बायांनी वाती आणल्या असतील तर खुशाल वळाव्यात, माझी हरकत नाही. तुम्हाला आज एक गोष्ट सांगतो. तिच्यात राजा नाही, राक्षस नाही; एक चोरीला गेलेला सोमवार आहे आणि तो शोधून काढणारी एक म्हातारी आहे. आधीच सांगून ठेवतो, मी काही बुवा नाही. पण चाळीस वर्षं समोर बसून कीर्तनं ऐकली, त्यामुळे माझं बोलणं पूर्वरंगातच फार रेंगाळतं. कंटाळा आला तर टाळी वाजवा, मी पुढे सरकेन.

तर, मी धुळ्याला एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. म्हणजे खिळे जुळवणाऱ्याने केलेल्या चुका पकडायच्या आणि पानाखाली ‘छापण्यास हरकत नाही’ लिहून सही ठोकायची. घर जळगावला, पिंप्राळ्यात. अकरा वर्षं माझा प्रपंच एस.टी.च्या वेळापत्रकावर चालला होता. शनिवारी संध्याकाळी धुळ्याहून निघायचं, पारोळा-एरंडोल करत घरी पोचायचं, की सोमवारी पहाटे परत. देवळातलं कीर्तन असायचं गुरुवारी. अकरा वर्षांत मी पिंप्राळ्यात एकूण सात कीर्तनं ऐकली, आणि त्यातली तीन तापाने फणफणलो होतो म्हणून. आमच्या मंडळींना, म्हणजे कमलला, माझी इतकी सवय मोडली होती, की शनिवारी दार उघडताना ती आधी “कोण पाहिजे?” म्हणायची.

पासष्टची दिवाळी झाल्यावर मी धीर केला. छापखान्याचे मालक लखीचंदशेठ. सकाळी देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन आल्याशिवाय यंत्राला हात लावू न देणारा माणूस. त्यांना म्हणालो, “शेठजी, यंदाच्या पंचांगाची प्रुफं मी घरी बसून तपासू का? गाडीने पाठवा, गाडीने परत करतो.”

शेठजींनी चष्म्यावरून पाहिलं. “वाणीजी, घर में काम होतं का कधी? घरात माणूस आराम करतो.”

“मी करून दाखवतो.”

“ठीक आहे. हे पंचांग पाडव्याच्या आत बिनचूक निघालं, तर पुढे कायम घरूनच करा. एक जरी चूक राहिली, तर बोरिया-बिस्तर घेऊन परत धुळ्याला. आणि मग हा विषय काढायचा नाही. गुरुवारी दहाच्या गाडीला पार्सल, शुक्रवारी मी छापणार.”

पंचांगातली चूक म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. कादंबरीत नायिकेचं नाव चुकलं तर नायिका तक्रार करत नाही. पंचांगात वार चुकला तर सबंध खानदेश दशमीला उपास करील आणि एकादशीला वरणबट्टी खाईल. त्याचं पाप कुणाच्या माथी? सही करणाऱ्याच्या. मी देवाला नारळ बोललो आणि प्रुफांचा गठ्ठा काखोटीला मारून घरी आलो.

पहिल्या सोमवारी मी घरीच दिसलो, तेव्हा गल्लीला वाटलं, बुट्टी मारली. मंगळवारी वाटलं, तब्येत. बुधवारी मात्र भिकनभाऊ आले. हे भुसावळहून रेल्वेतून निवृत्त झालेले, शेजारच्याच घरातले. त्यांनी टोपी काढली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या मऊ आवाजात बोलले, की मला क्षणभर आपलंच कुणीतरी गेलं असं वाटलं.

“नाना, असं होतंच. मनाला लावून घेऊ नका. माझ्या साडूची डाळमिल आहे, तिथं एक जागा आहे. पोती मोजायची.”

“अहो भाऊ, नोकरी गेली नाही! मी घरून काम करतो.”

“हो, हो,” भिकनभाऊ म्हणाले. “वहिनींना काय सांगितलंय ते सांगून ठेवा, म्हणजे आमच्या तोंडून वेगळं निघायला नको.”

अकरा वर्षं ज्याने स्वल्पविराम चुकू दिला नाही, त्याची ही प्रतिष्ठा! आणि भिकनभाऊ निदान हळहळले तरी. बाकीच्यांनी मला कामालाच लावलं. पलीकडच्या सायरबाई, यांचं माहेर जोधपूरकडचं, खाट उन्हात ओढून म्हणाल्या, “भाईसाब, आप तो घरपेच है. जरा माझ्या पापडांवर नजर ठेवा, कावळे फार झाले.” दुसऱ्याने पोराच्या दाखल्याचा अर्ज आणला. तिसऱ्याची म्हैस सुटली. आणि कमल! तिने रेशनकार्ड माझ्या प्रुफांवर ठेवलं. “साखर आलीय म्हणे. रांगेत उभे राहा. घरीच तर आहात.”

“मी कचेरीत आहे,” मी गंभीरपणे म्हणालो.

“कचेरीत बनियन घालून बसतात?”

हा मुद्दा मला टोचला. दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून कोट चढवला, टोपी घातली, छत्री घेतली, पुढच्या दाराने बाहेर पडलो, मारुतीला वळसा घातला आणि मागच्या दाराने घरात शिरून टेबलाशी बसलो. संध्याकाळी सहाला मागच्या दाराने बाहेर, मारुतीला वळसा, पुढच्या दाराने घरी. मला फार बरं वाटलं. मन लगेच कामाला लागलं. पण गल्लीने पाहिलं काय? वाणीनाना सकाळी कोट घालून निघतात, “कुठे?” विचारलं तर “कचेरीत” म्हणतात, आणि पाच मिनिटांत स्वतःच्याच घरात चोरासारखे मागून शिरतात. चौथ्या दिवशी भिकनभाऊंनी कमलला बाजूला घेऊन एका वैद्याचा पत्ता दिला.

आता या गोष्टीतली मुख्य व्यक्ती येतेय, तेव्हा नीट ऐका. आमच्या समोरच्या खोलीत द्रौपदाबाई राहायच्या. सत्तरी ओलांडलेली, अक्षरशत्रू, एकटी, डोळ्यांत मोतीबिंदू. गोधड्या शिवून पोट भरायच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. अक्कांचं आयुष्य उपासांवर टांगलेलं होतं. एकादशी, संकष्टी, सोमवार, कुठलाच सुटायचा नाही. वाचता येत नसल्याने सगळं बोटांच्या पेरांवर. दुपारी त्या हाक मारायच्या, “नाना, ओ नाना! जरा सुईमा दोरा ओवी दे ना रे भो!” आणि मी जायचो. म्हातारीला नाही म्हणायचं कसं?

अशाच एके दिवशी मी आषाढाच्या पानावर होतो. आमची पद्धत अशी, की मी छापलेलं मोठ्याने वाचायचं आणि कमलने पंचांग लिहिणाऱ्या जोशीबुवांच्या हस्तलिखितावर बोट फिरवत “बरोबर” म्हणायचं. मी वाचलं, “वद्य नवमी, मंगळवार.” कमल म्हणाली, “बरोबर.” एवढ्यात अक्कांची सुई. मी उठलो. कमलचं दूध उतू गेलं, ती उठली. त्याच वेळी सायरबाई पापडांची चादर घेऊन आल्या, टेबलावरचे कागद पसरलेले दिसले, आणि या माउलीने चांगुलपणाने ते सगळे गोळा करून तपासून झालेल्या गठ्ठ्यात रचून ठेवले. वर पाट ठेवला, उडू नयेत म्हणून.

मी परत आलो तेव्हा टेबल लख्ख. मला वाटलं, आषाढ झाला.

पण त्या दिवसापर्यंत माझा दमच निघाला होता. आठवड्यात होणारं काम दोन आठवड्यांत होत नव्हतं. त्यात नवं लचांड सुरू झालं. मी रोज मोठ्याने तिथी-वार-नक्षत्र वाचतो हे गल्लीने ऐकलं, आणि नोकरी सुटल्यामुळे मी जोशीपणा सुरू केलाय असं ठरलं. लोक मुहूर्त विचारायला यायला लागले. एकाने विहिरीचा, एकाने मुलीचा. सायरबाईंनी लोणचं घालायचा विचारला. मी म्हणालो, “अहो, मी फक्त चुका तपासतो.” त्या म्हणाल्या, “तर मग आमच्या लग्नाचा मुहूर्तबी तपासा. काहीतरी चूक जरूर असणार.”

बुधवारी रात्री मी प्रुफं मांडीवर घेऊनच जेवलो. कमल म्हणाली, “जमत नसेल तर शेठजींना तसं कळवा. मी काही म्हणणार नाही.” आणि ताट उचलताना पाठ फिरवून म्हणाली, “एवढंच की दार उघडल्यावर कोण पाहिजे, असं आता माझ्या तोंडी येत नाही.”

ते वाक्य ऐकून मी ठरवलं, धुळ्याला परत जायचं नाही.

आणि तिथेच मला सुचलं. देवळात गुरुवारी कीर्तनाला बुवा उभे राहतात, तेव्हा काय होतं? एकदा ते नारदाच्या गादीवर चढले, की गावचा मामलेदार आला तरी ते त्याला नमस्कार करत नाहीत, उलट त्यानेच करायचा. मध्ये कुणी बोलत नाही, कुणी उठत नाही. जे काही विचारायचं, द्यायचं, सांगायचं, ते मध्यंतरात, हार घालून बुक्का लावतात तेव्हा. हा नियम कुठल्या पाटीवर लिहिलेला नाही, आणि आमच्या गल्लीत तो मोडणारा अजून जन्मलेला नाही. मी ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावली तर लोक तिला टॉवेल अडकवतील. पण गादी?

गुरुवारी सकाळी मी आषाढापर्यंतचा तपासलेला गठ्ठा बांधला, सही केली, आणि भिकनभाऊंना म्हणालो, “भाऊ, तुम्ही सायकलने स्टँडवर जाताय ना? हे दहाच्या गाडीला टाका.” मग ओटीवर चौरंग मांडला, त्यावर धुतलेलं पांढरं घोंगडं घातलं, उपरणं घेतलं आणि झांज एकदा खणकन वाजवली. म्हणालो, “मंडळी, आता काम सुरू. मध्यंतरापर्यंत कुणी बोलायचं नाही.”

विश्वास ठेवा, पाच मिनिटांत ओटीवर अकरा माणसं बसली होती. सायरबाई वाती वळत होत्या. कुणीतरी ताटात शिधा आणून ठेवला. अक्का सगळ्यात पुढे, गोधडी मांडीवर. मी वाचायला लागलो, “अधिक श्रावण, शुद्ध प्रतिपदा, मंगळवार...” कमल म्हणाली, “बरोबर.” मंडळींनी माना डोलावल्या. अहो, तासाभरात दोन पानं झाली! साखर नाही, म्हैस नाही, पापड नाही. मी तर आवाजात थोडी लयही घ्यायला लागलो. द्वितीयेला एकाने डोळे मिटले. पौर्णिमेला सायरबाईंनी डोळे टिपले. कशासाठी ते त्यांनाच माहीत.

फक्त अक्कांचं काहीतरी बिनसलं होतं. पहिल्या ओळीपासून त्या चुळबुळत होत्या. बोटांची पेरं मोजायच्या, परत मोजायच्या, माझ्याकडे पाहायच्या, तोंड उघडायच्या आणि पदराने झाकायच्या. मला वाटलं, सुईत दोरा हवाय. मी मनात म्हणालो, आता नाही, अक्का. आता मी गादीवर आहे.

साडेदहाला मी थांबलो. भिकनभाऊ स्टँडवरून परत आले होते, त्यांनीच माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. अक्का उठल्या, माझ्या कपाळाला बुक्का लावला, आणि बुक्का लावता लावताच म्हणाल्या, “नाना, मना सोमवार कोठे ग्या?”

“कुठला सोमवार, अक्का?”

“परवादिन मी तुले इचारं, आषाढनी अमावस कोन्ता वारले? तू कागद दखी सांगं, रविवारले. मी म्हटलं, जाऊ दे, यंदा सोमवती नशीबमा नही. आनी आज तू वाची राहिना, दुसरा दिनले मंगळवार! रविवारले अमावस, मंगळवारले पाडवा. मधला सोमवार काय कोंबडीनी खाई टाका?”

मी कमलकडे पाहिलं, तिने हस्तलिखिताची मागची पानं उलटली. “अहो, जोशीबुवांच्या हातचं अमावास्या सोमवार आहे. दशमी बुधवार. आपण नवमीपर्यंतच वाचलं होतं. मग अक्कांची सुई आली...”

खिळे जुळवणाऱ्याने नवमी मंगळवार आणि दशमीही मंगळवार लावला होता. तिथून सगळे वार एक दिवस मागे. एकादशी चुकली, आणि सोमवती अमावास्या तर पंचांगातून नाहीशीच झाली. खाली माझी सही! माझ्या डोळ्यांपुढे धुळ्याची खोली आली. स्टोव्ह. शनिवारची गाडी. आणि दार उघडून “कोण पाहिजे?”

“एवढा वेळ बोलल्या का नाहीत, अक्का?”

“कीर्तनमा मधमा बोलतस का रे?” अक्का रागावून म्हणाल्या.

मी भिकनभाऊंची सायकल घेतली. उपरणं, गळ्यात हार, कपाळावर बुक्का, सगळं तसंच. दहाची गाडी गेली असणार हे ठाऊक होतं, पण स्टँडवर कुणाच्या तरी पाया पडून, पार्सल अडवायला पारोळ्याला निरोप धाडावा असा विचार होता. तर रेल्वे फाटक बंद! मालगाडी. भुसावळकडून निघालेल्या सगळ्या मालगाड्या त्या दिवशी एकाच गाडीला जोडल्या असाव्यात. मी डबे मोजत उभा. शेजारचा टांगेवाला खाली उतरला आणि माझ्या पाया पडला. “बुवा, कुठं कीर्तन आज?” मी म्हणालो, “एस.टी. स्टँडवर.” फाटक उघडल्यावर त्याने मला पुढे जायला वाट करून दिली.

पार्सल खिडकीवर झुलालभाऊ होते. चोपड्याहून नुकतीच बदली होऊन आलेले, नियम तोंडपाठ. मी धापा टाकत विचारलं, “धुळ्याचं पार्सल... दहाच्या गाडीचं...”

“गेलं नाही,” झुलालभाऊ शांतपणे म्हणाले.

“काय?”

“फॉर्मवर ‘पाठवणाऱ्या कार्यालयाचा शिक्का’ असा रकाना आहे. तो कोरा. सोबतच्या गृहस्थांना विचारलं, कार्यालय कुठे? ते म्हणाले, घरी. घराला शिक्का असतो का? ठेवून दिलं बाजूला. ते म्हणाले, नानांना सांगतो.”

भिकनभाऊ सांगणार होते. पण ते आले तेव्हा मी गादीवर होतो, मध्ये बोलायचं कसं! मध्यंतरात हार घालून झाल्यावर ते सांगणारच होते, तेवढ्यात अक्कांचा नंबर लागला, आणि पुढे ते तोंड उघडायच्या आत मी सायकलवर होतो.

मी खिडकीतून हात घालून झुलालभाऊंचे दोन्ही हात धरले. ते घाबरले. म्हणाले, “अहो महाराज, नियम आहे, मी काय करणार!” मी म्हणालो, “नियम असाच राहू द्या, झुलालभाऊ, देव तुमचं भलं करो.” तिथेच उभ्याने गठ्ठा सोडला, दशमीपासून अमावास्येपर्यंत सहा वार दुरुस्त केले, परत पहिल्यापासून बोट ठेवून वाचले. या वेळी मध्ये कुणी बोललं नाही, कारण मागची रांग हार पाहून हात जोडून उभी होती.

“आता दीडच्या गाडीला जाईल,” झुलालभाऊ म्हणाले, “पण शिक्का?”

मी इकडेतिकडे पाहिलं. शिक्का कुठून आणू? मग कपाळाला अंगठा लावला, आणि रकान्यात बुक्क्याचा काळा ठसा उमटवला.

झुलालभाऊंनी फॉर्म उजेडात धरला. मग स्वतःच्या कपाळाला एक बोट लावलं आणि म्हणाले, “हा शिक्का खोटा म्हणायची माझी पात्रता नाही. पण पुढच्या गुरुवारी खरा करून आणा, महाराज.”

दहा दिवसांनी शेठजींचं पत्र आलं. “आषाढाच्या पानावरची दुरुस्ती पाहिली. इथे माझ्या समोर बसून चौघांनी पान पाहिलं, कुणालाच दोन मंगळवार दिसले नाहीत. तुम्ही घरीच काम करा. रबरी शिक्का पाठवला आहे. एक विचारायचं होतं, फॉर्मवर काळं काय सांडलं होतं?”

पत्र वाचून कमलने माझा कोट खुंटीवरून काढला, धुतला आणि ट्रंकेत ठेवून दिला. तेव्हापासून आमच्या ओटीवर सकाळी झांज वाजली की काम सुरू, आणि साडेदहाला मध्यंतर. त्या अर्ध्या तासात अर्ज, मुहूर्त, म्हैस, सुईतला दोरा, सगळ्यांनी यायचं. मग परत झांज वाजेपर्यंत पापडांकडे कावळ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर पाहायचं. संध्याकाळी उपरणं घडी करून ठेवलं की मी नुसता घरचा माणूस. साखरेच्या रांगेतही मीच. आणि गुरुवारी देवळात पहिल्या ओळीत.

त्या आषाढात सोमवती आली. अक्कांनी पिंपळाला एकशे आठ फेऱ्या घातल्या. फेऱ्या मोजायला मला बसवलं होतं. सत्तावन्नाव्या फेरीला एकजण माझ्याशी बोलायला आला, तर अक्का तिथूनच ओरडल्या, “नानाशी बोलू नको रे भो, तो कामवर शे!”

त्यानंतर आठ पंचांगं त्यांनी ऐकली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, गोधडी मांडीवर घेऊन. नवव्या वर्षी पौष वाचत होतो, तेव्हा पुढची जागा रिकामी होती. मी ते पान दोनदा वाचलं.

छापखान्याच्या नावाखाली मुद्रितशोधक म्हणून माझं नाव येतं. त्यांचं कुठेच येत नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं. उद्या पाडव्याला नवं पंचांग घरी आणाल, आपली एकादशी कुठल्या वारी ते पाहाल. पान उलटायच्या आधी एकदा बोटाच्या पेरांवर वार मोजा. सगळे जागेवर असले, की त्या वेळी आमच्या द्रौपदाअक्कांची आठवण काढा.